जागच्या जागी दहा मिनिटं

रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला त्या इमारतीच्या आवारात चार गाड्या एकदम सुरू व्हायच्या आणि कुठेही जायच्या नाहीत. चार गाड्या, चार माणसं, काचा वर, भर उन्हात पुढचे दिवे लावलेले. कुणी आत बसून पेपर वाचतंय, कुणी शब्दकोडं सोडवतंय, कुणी आरशात बघून नाकातले केस उपटतंय. दहा मिनिटं झाली की शिट्टी वाजायची. चारही इंजिनं बंद व्हायची, माणसं उतरायची, गाड्यांवर कव्हरं चढायची आणि प्रत्येक जण मोठं काम उरकल्यासारखा हात झटकत जिना चढायचा.

शिट्टी वाजवायचे ते बॅटरीमास्तर.

मास्तर म्हणून त्यांनी कधी शाळेची पायरी चढलेली नव्हती. लहानपणी चढले असतील तेवढीच. टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीरूममध्ये त्यांची एकतीस वर्षं गेली. तळघरातली खोली, भिंतीला लागून लाकडी मांडण्या, मांडण्यांवर कमरेएवढे चोवीस सेल, आणि त्या चोवीस सेलांच्या जिवावर सगळ्या गावाची बडबड. वरची वीज गेली तरी गावात एकही फोन मुका झाला नाही, हे मास्तर अजून सांगतात आणि ते खरंही आहे. दर तासाला मीटर लावायचा, आकडा वहीत लिहायचा, समोर शेरा लिहायचा: ‘उत्तम’. नोकरी आकडे लिहायची होती, वाचायची नव्हती. वाचायला वरचे साहेब होते आणि तेही वाचत नसत, नुसती सही ठोकत.

निवृत्तीनंतर मास्तरांनी थोडी वापरलेली गाडी घेतली. हौसेने घेतली, कागदपत्रांची जाड फाइल केली, तिच्यावर ठळक अक्षरात ‘गाडी’ असं लिहिलं. तिसऱ्या महिन्यात फाटकातून मागे घेताना डावी बाजू पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत खांबाला घासली. फार मोठा आवाज झाला. अख्खी इमारत गॅलरीत आली. वॉचमन तिथेच उभा होता. सगळं घासून झाल्यावर तो म्हणाला, “साहेब, जरा उजवीकडे घ्यायला हवी होती.”

त्या दिवसापासून मास्तर गाडी जपायला लागले.

जपायला लागले म्हणजे चालवीनासे झाले. पण तसं म्हणायची सोय नव्हती. त्यांच्या बायकोला इमारतीत सगळे वहिनी म्हणतात. ही वहिनी बिचारी म्हणायची, “अहो, चला ना, तळ्यापर्यंत जाऊन येऊ.” मास्तर खिडकीतून बाहेर बघायचे. “आज वारा आहे. धूळ बसेल.” दुसऱ्या दिवशी वारा नसायचा. “आज फारच कोंदट आहे, इंजिन तापेल.” एकदा तर “आज सगळेच बाहेर पडले असतील,” असंही म्हणून झालं. मग एका सकाळी वहिनीने विचारलं, “मी शिकू का चालवायला?” मास्तर इतके हसले, इतके हसले, की चहा नाकातून आला. “अगं, तुला साधं कुकरचं झाकण काढता येत नाही!” वहिनीने ओट्यावर सांडलेला चहा पुसला.

पण उभ्या गाडीची बॅटरी उतरते, हे मास्तरांना कुणी सांगायला नको. त्यांनी उपचार शोधला. रविवारी दहा वाजता बॉनेट उघडायचं. टर्मिनल सोड्याच्या कोमट पाण्याने पुसायची, वर व्हॅसलीन. मग सेल्फ मारायचा आणि गाडी जागच्या जागी दहा मिनिटं चालू ठेवायची. दिवे लावायचे, पंखा दोनवर. दिवे कशाला? तर बॅटरीला व्यायाम. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांवर असाच मुद्दाम भार टाकून बघत. आणि गाडी चालवल्याशिवाय बॅटरी नीट भरत नाही, असं कुणी म्हणालं तर मास्तर त्याच्याकडे दयेने बघत. “आमचे चोवीस सेल एकतीस वर्षं जागचे हलले नाहीत. फिरायला नेत होतो काय त्यांना?”

तिथे बॅटऱ्यांना रात्रंदिवस भिंतीतून वीज मिळत होती, हा बारीकसा मुद्दा कुणाच्या लक्षात आला नाही. मास्तरांच्या तर नाहीच.

रोज संध्याकाळी मीटर लावून आकडा वहीत लिहायचा, ही जुनी सवय इथेही चालू राहिली. उपचाराची एक चिठ्ठी त्यांनी गाडीत स्टिअरिंगच्या मागे, काट्यांच्या तबकडीवर चिकटवून टाकली: ‘दर रविवारी, दहा मिनिटे, विसरू नये’. चिठ्ठीखाली किलोमीटरचा आकडा झाकला गेला. पण जी गाडी हलतच नाही तिचे किलोमीटर बघायचे कशाला?

आणि बॅटरी टिकली! वर्ष झालं, दीड वर्ष व्हायला आलं, मास्तरांची गाडी चावी फिरवली की पहिल्या फटक्यात सुरू. पेट्रोलचा काटासुद्धा अर्ध्यावरून खाली यायचं नाव घेईना. त्याचं श्रेय मास्तरांनी टाकीच्या झाकणाच्या रबराला दिलं होतं. वहीतली एकच गोष्ट जराशी चमत्कारिक होती: रविवारी उपचार केला की आकडा फारसा हलायचा नाही, सोमवारी थोडा खालीच यायचा, आणि मंगळवारी संध्याकाळी टुण्णकन वर. मास्तरांनी त्याचंही उत्तर तयार ठेवलं होतं. “औषध लगेच लागू पडतं का? दोन दिवस जातात अंगात भिनायला.”

निवृत्त माणसाला कोण काय विचारतं हो? पेपर वाचून झाला का, एवढंच. पण ही बॅटरी टिकल्यापासून लोक मास्तरांना विचारायला लागले. पहिले आले तिसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना खालीच, गाडी वर्षातून आठदा निघायची. मग इमारतीचे सेक्रेटरी. मग चष्म्याच्या दुकानवाल्या बाई. मास्तरांनी प्रत्येकाला उपचार शिकवला, वेळ ठरवून दिली, जुन्या सामानातली शिट्टी शोधून काढली. जिन्यात भेटलेला माणूस आता बाजूला होऊन वाट द्यायचा. मास्तरांची मान दोन बोटं उंच झाली होती, हे त्यांच्या न्हाव्यानेही बोलून दाखवलं होतं.

आणि मग घात झाला.

आधी चष्मेवाल्या बाईंची गाडी गेली. चावी फिरवली की नुसतं कट-कट-कट. मास्तर म्हणाले, “पंखा तीनवर ठेवला असेल.” आठवड्याने सेक्रेटरींची गेली. मास्तर म्हणाले, “व्हॅसलीन कमी पडलं.” शनिवारी दाताच्या डॉक्टरांना सासूसासऱ्यांना आणायला स्टेशनवर जायचं होतं. कव्हर काढलं, चावी फिरवली. कट-कट. पुन्हा फिरवली. कटसुद्धा नाही. भाड्याची गाडी मिळेपर्यंत सासूबाई ट्रंकेवर बसून तासभर सामान राखत होत्या. त्या तेव्हापासून जावयाशी बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, उपचाराचा तेवढा एक फायदा झाला.

दुपारी गॅरेजवाला आला. तोंडात काडी, खांद्यावर कळकट फडकं. तीन बॅटऱ्या काढून चार्जिंगला नेल्या आणि जाता जाता सेक्रेटरींना म्हणाला, “जागेवर दहा मिनिटं, त्यात दिवे चालू? साहेब, सेल्फ मारताना जेवढं जातं तेवढंही परत येत नाही. वाटीने काढायचं आणि चमच्याने घालायचं झालं हे.”

“मग मास्तरांची कशी चालते?” सेक्रेटरी म्हणाले. “तोच उपचार, तीच शिट्टी.”

गॅरेजवाला मास्तरांच्या गाडीपाशी उकिडवा बसला. चाकाच्या आऱ्यांमधून आत डोकावला. मग मास्तरांकडे बघून हसला.

“काका, चेष्टा करता होय? ही गाडी उभी नसते.”

“दीड वर्ष उभी आहे!” मास्तर गरजले.

“उभ्या गाडीची ब्रेकची डिस्क गंजते. त्या डॉक्टरांच्या गाडीची बघा, तांबडीलाल. तुमची ताटासारखी चकाकतेय. टायरही झिजलेत, सारखे झिजलेत. कोण चालवतं? चांगलं चालवतं.”

सेक्रेटरींनी मास्तरांकडे बघितलं. त्या बघण्यात काय नव्हतं! “मास्तर, म्हणजे आम्हाला सगळं सांगितलंत आणि मधली एक पायरी स्वतःपाशी ठेवलीत. उद्याचा राहू दे, पुढच्या रविवारी दहा वाजता सगळ्यांसमोर बोला. नाहीतर शिट्टी जमा करा.”

सगळे गेल्यावर मास्तर गाडीत बसले. समोरच्या चिठ्ठीकडे बघत राहिले. मग नखाने तिचा कोपरा उचलला आणि ती हळूच सोलली. खाली आकडा होता: एकवीस हजार दोनशे सहा. दाराच्या कडेला शेवटच्या सर्व्हिसिंगचं स्टिकर होतं: अठरा हजार चारशे.

दोन हजार आठशे किलोमीटर ही गाडी त्यांच्याशिवाय हिंडली होती.

पहिल्यांदा वाटलं, वॉचमन. पण वॉचमनचे पाय लांब, आणि सीट तर रोज त्यांच्याच जागी. मग त्यांनी वही काढली, आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरच्या दीड वर्षात जे कधी केलं नव्हतं ते केलं. आकडे वाचले. मंगळवार, मंगळवार, मंगळवार. मंगळवारी दहा ते एक मास्तर वाचनालयाच्या मागच्या खोलीत असत. तिथे एक्स्चेंजमधले जुने लोक जमून चहा पीत आणि कुणाची साखर किती वाढली याची चर्चा करत. त्या वेळात घरी फक्त एक माणूस असे.

“छे,” मास्तर मोठ्याने म्हणाले. “तिला कुकरचं झाकण काढता येत नाही.”

मंगळवारी ते नेहमीसारखे निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात शिरले. तिथून फाटक सरळ दिसतं. टांगलेल्या छत्र्यांच्या आड ते उभे राहिले.

“कुठली दाखवू?” दुकानदार.

“बघतोय.”

“लांब दांड्याची की घडीची?”

“अहो, बघतोय म्हटलं ना!”

वहिनी आली. कव्हराची गाठ सोडली. ती गाठ मास्तरांची खास होती, एक्स्चेंजमधली, दुहेरी वेढ्याची. तिने ती डाव्या हाताने, बोलता बोलता सोडावी तशी सोडली. कव्हराच्या तीन घड्या केल्या. आत बसली, सीट पुढे ओढली, आरसा खाली घेतला. वॉचमनने फाटक उघडलं आणि सलाम ठोकला, जो त्याने मास्तरांना कधी ठोकला नव्हता. गाडी मागे आली. खांब जवळ आला तसे मास्तरांनी डोळे मिटले. आवाजाची वाट बघितली. आवाज आला नाही. डोळे उघडले तेव्हा गाडी रस्त्यावर वळून, दिवा दाखवून, अगदी सावकाश नाहीशी झाली होती.

एका फटक्यात! मास्तरांच्या छातीत एक गोष्ट वर आली आणि एक खाली गेली. वर आली ती काय होती, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, पण ते दुकानदाराला म्हणाले, “बघितलंत?” आणि दुकानदार म्हणाला, “काय?” तेव्हा मास्तरांनी लांब दांड्याची छत्री विकत घेतली.

“छत्री?” घरी वहिनीने विचारलं. बाहेर लख्ख ऊन होतं.

“असावी घरात.”

“हं,” वहिनी म्हणाली.

मग सुरू झाले मास्तरांचे पाच वाईट दिवस. रविवारी काय सांगायचं? उत्तरं हवी तेवढी होती. डॉक्टरांनी पंखा वाढवला, बाईंनी शिट्टीआधी बंद केली, सेक्रेटरींची बॅटरी मुळातच जुनी. अशी उत्तरं देऊन त्यांचं नाव राहिलं असतं. शिट्टी राहिली असती, जिन्यातली वाट राहिली असती. फक्त गॅरेजवाल्याने दाखवलेली चकाकती डिस्क कुणीतरी पुन्हा पुढे केली असती, आणि मग एकच मार्ग होता: मान खाली घालून म्हणायचं, ‘मीच फिरवत होतो, चोरून.’ तेही चाललं असतं. इमारतीने हसून सोडून दिलं असतं. चालवत होते म्हणजे घाबरत नव्हते, असंही परस्पर सिद्ध झालं असतं. शुक्रवारी रात्रीपर्यंत मास्तरांना हे उत्तर अगदी पटलं होतं. शनिवारी जेवताना वहिनीने कुकर उघडला. झाकण एका हाताने, न बघता, सर्रकन निघालं. मास्तर घास हातात धरून बघत राहिले.

“काय झालं?”

“काही नाही. झाकण चांगलं निघालं.”

“अहो, तीस वर्षं निघतंय.”

रविवारी दहा वाजता आवारात माणसं जमली. ज्यांच्या गाड्या नव्हत्या तेही आले. फुकटची गंमत कोण सोडतो? वहिनी मागे, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर, चष्मा पुसत बसली होती.

“बोला मास्तर,” सेक्रेटरी म्हणाले. “कुठली पायरी लपवलीत?”

“माझ्या सासूबाईंनाही उत्तर हवंय,” डॉक्टर म्हणाले. “त्या विचारत नाहीयेत, पण हवंय.”

मास्तरांनी वही उघडली.

“रविवार, बारा पॉइंट तीन. शेरा, उत्तम. सोमवार, बारा पॉइंट दोन. शेरा, उत्तम. मंगळवार, बारा पॉइंट सात. शेरा, उत्तम.” त्यांनी पान उलटलं. “रविवार, बारा पॉइंट तीन...”

“अहो, सगळी वही वाचणार की काय!”

“सत्तर मंगळवार आहेत,” मास्तर म्हणाले. “सत्तरही लिहिले. वाचला एकही नाही. दहा मिनिटांच्या उपचाराने काही होत नाही. तुमच्या बॅटऱ्या माझ्यामुळे उतरल्या. माझी टिकली, ती...” त्यांनी वही मिटली. “ती ह्यांच्यामुळे. दर मंगळवारी ह्या गाडी बाहेर काढतात. फाटकातून, मागे, एका फटक्यात. मी स्वतः बघितलंय. मला ते जमत नाही. मी त्या खांबाला घाबरतो.”

चाळीस डोळे एकदम टाकीकडे वळले.

“वहिनी!” चष्मेवाल्या बाई ओरडल्या. “कधी शिकलात?”

“ह्यांना हसून हसून ठसका लागला त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात,” वहिनी म्हणाली. “परवाना ह्यांच्याच फाइलीत आहे. ‘गाडी’ लिहिलंय ना, त्यातच. विम्याच्या कागदाखाली. मी लपवला नाही काही.”

“आणि जाता कुठे?” सेक्रेटरींनी विचारलं. गुन्हा कबूल झाल्यावर मुद्देमाल विचारावा तसं.

“कुठे म्हणजे? तळ्यापर्यंत. रस्ता मोकळा असतो. पाच मिनिटं उभी राहते आणि परत येते. येताना पेट्रोल भरते, अर्ध्यावर. जास्त भरलं असतं तर ह्यांच्या रबराला वाईट वाटलं असतं.”

मग जो हशा उठला! डॉक्टर खांबाला धरून हसले, त्याच खांबाला. वॉचमनला सेक्रेटरींनी झापलं, “तुला माहीत होतं, मग बोलला का नाहीस?” तो म्हणाला, “साहेब, मला कुणी विचारलंच कुठे?” मास्तरांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि सेक्रेटरींपुढे धरली. सेक्रेटरींनी ती घेतली, उलटसुलट बघितली आणि जाऊन वहिनीच्या हातात दिली. वहिनीने ती पदराला पुसली आणि जोरात फुंकून बघितली.

जिन्यात मास्तर हळू आवाजात म्हणाले, “तुला सांगायचं होतं आधी. की मला कळलंय.”

“मला छत्रीच्याच दिवशी कळलं,” वहिनी म्हणाली.

त्या मंगळवारी एक्स्चेंजच्या जुन्या मंडळींना मास्तर भेटले नाहीत. ते डावीकडच्या सीटवर बसले होते, पट्टा छातीशी घट्ट, मांडीवर वही. फाटकाशी त्यांनी डोळे मिटले.

“उघडा,” वहिनी म्हणाली. “खांब मागे राहिला.”

पुढे चौकात मास्तरांचा उजवा पाय चटईवर जोरजोरात दाबला जाऊ लागला.

“तिथे ब्रेक नाही.”

“माहीत आहे.”

“मग चटई फाटेल. पाय वर घ्या.”

गाव संपलं, रस्ता सरळ झाला. तळ्यापाशी वहिनीने गाडी कडेला घेतली. पाण्यावर दोन बगळे होते, रस्त्यावर कुणी म्हणजे कुणी नव्हतं, आणि खांब तर मैलभरात एकही नव्हता. मास्तरांनी वहीत वेळ लिहिली. वर बघतात तो वहिनी खाली उतरून, गाडीला वळसा घालून त्यांच्या दाराशी येऊन उभी.

“उतरा.”

“आज वारा आहे,” मास्तर म्हणाले.

“असू दे.”

मास्तरांनी बगळ्यांकडे बघितलं. बगळ्यांनी काही मदत केली नाही. ते उतरले, पुढून वळसा घालून पलीकडे गेले आणि चालकाच्या जागेवर बसायला लागले, तर गुडघे स्टिअरिंगला अडकले. ना आत, ना बाहेर.

“आधी सीट मागे घ्या,” वहिनी त्यांच्या गरम झालेल्या जागेवर बसून पट्टा लावत म्हणाली. “सात खाचा. सत्तर वेळा मोजल्यात मी.”

मास्तरांनी खाली हात घालून दांडी ओढली. एक, दोन, तीन, असं मोजत ते मागे सरकले, आणि सातव्या खाचेला सीट खट्‌कन बसली.